रकाना : इतर

पावती फाडताना ढेबे गार्ड अडला.
माणसं : दोन. तंबू : एक. वाहन :
इथे पेन थांबलं.
शेवंती आणि मुनीम मागे उभे,
एकमेकांच्या मानेवर माना टाकून,
चर्चा आपली नाहीच अशा थाटात.
शेवटी 'इतर'मध्ये त्याने लिहिलं : घोडी, नग दोन.
आणि स्वतःशीच हसला.

पाचगणीहून करहरला उतरलो,
मेढ्यात शेवंतीचा एक नाल बदलला,
मग ही चढण.
वर नुसता माळ, कडेला जंगल. पाटीवर तीन ओळी :
पाणी ओढ्याला.
दिवा नाही.
झाडाच्या खोडास घोडा बांधू नये.

बरोबरच आहे.
घोडं कंटाळलं की साल खातं,
आणि सोललेलं झाड दोन वर्षं नुसतं उभं राहतं,
हे अब्बांनी मला दाखवलं होतं
आमच्याच दारातल्या सिल्व्हर ओकवर.

म्हणून मेखा.
अयाजने दगडाने ठोकल्या, एक घाव बोटावरही.
अगाडी बांधली. पिछाडी राहू दे म्हटलं,
इथे लाथ कुणाला मारणार ती?

तोबरे चढवले. अंधारात हरभरा
दोन जाती फिरावीत तसा.
अयाज रेंज शोधत खडकावर चढला,
उतरला, पुन्हा चढला.
"फूफी, इथे काहीच नाहीये."
तेच बघायला आलोय, असं म्हणणार होते,
पण चहा उतू गेला.

रात्री जाग आली.
टाप. टाप. टाप. मग काही नाही. मग टाप.
गवा असेल म्हणून श्वास धरून पडले.
बॅटरी लावली तर मुनीम.
मेखेभोवती चालत होता, दोर ताणून,
आणि दर फेरीला एकाच जागी थांबून
मान वर करत होता,
दातांवरून ओठ उचलून.

मी ओळखली ती जागा.
टेबललँडवर तिथेच फोटो काढतात.
नऊ वर्षं : खांबापासून कड्यापर्यंत,
कड्याशी थांब, फोटो, वळ.
पाठीवर पोर असो, नवी नवरी असो,
नाहीतर भीतीने माझी बाही धरलेला बँकेतला साहेब.
लगाम माझ्या हातात, पण वळायचा तो आधी.
मी गिऱ्हाइकांना सांगायचे, लई शहाणं जनावर.

दोर सोडावा असं मनात आलं.
मग बिबट्या आला मनात.
मग मुनीमची किंमत.
नाही सोडला.

पिशवीतून पिछाडीचा दोर काढला,
अगाडीला जोडला, गाठ दातांनी आवळली.
आता मैदान दुप्पट.
तो जुन्याच गोलात फिरत राहिला,
जादा दोर गवतातून ओढत.
मी बराच वेळ बघत बसले.
थंडीने पाय दुखायला लागले तेव्हा आत गेले.

सकाळी शेवंती आडवी पडलेली.
काळजात धस्स झालं, धावले,
तर घोरत होती.
सात वर्षांत तिला आडवी पाहिली नव्हती,
आमच्या तबेल्यात तेवढी जागाच नाही.
अयाजला म्हटलं, हळू बोल.
आम्ही दोघांनी चहा कुजबुजत प्यायला.

लीद काठीने पसरून दिली, मेखा उपटल्या,
भोकं टाचेने दाबून बुजवली.
दवात मुनीमचा गोल उमटला होता,
कुणी परातीने आखल्यासारखा.
करवंदीच्या बाजूला मात्र एक वाट बाहेर फुटलेली,
सात-आठ खुरांची,
दोर संपतो तिथवर.
कधी गेला असेल, कळलं नाही.

उतारावर पहिल्याच वळणाला
खाली दरी उघडली आणि मुनीम थांबला.
मान वर. ओठ वर.
ओढला, चुचकारला, गूळ दाखवला.
हलेना.
मागे शेवंती खोळंबलेली, माझी जीभ सैल होत चाललेली,
तेवढ्यात अयाज काही न बोलता पुढे गेला,
फोन काढला, डोळा बारीक केला,
"स्माइल" म्हणाला.

खट् झालं.
मुनीमने मान खाली घातली,
क्षणभर माझ्याकडे पाहिलं,
आणि वळला नाही.
तसाच खाली निघाला, लगाम मला ओढत.